बिनतारीचा पाटकरी

धुळे जिल्ह्यातून वाहणाऱ्या पांझरा नदीच्या काठी फड नावाची पाणीवाटपाची एक जुनी पद्धत आहे. नदीवर बंधारा घालावयाचा, बंधाऱ्यापासून पाट काढावयाचा आणि पाटाचे पाणी चाऱ्यांनी एकेका फडात, म्हणजे शेतांच्या एकेका समूहात, खेळवावयाचे, अशी तिची रचना. ही पद्धत तीनशे वर्षांहून जुनी असून काही गावांत ती अजून टिकून आहे. तिच्यातील मौज अशी की, कोणत्या शेतात केव्हा व किती वेळ पाणी सोडावयाचे हे एकटा शेतकरी ठरवीत नाही. ते काम सर्वांनी मिळून नेमलेला पाटकरी करतो. पिकांची राखण करण्यास निराळा माणूस असतो. त्याला जागल्या म्हणतात. पाटकऱ्याला प्रत्येक शेत ठाऊक असते आणि जागल्याला प्रत्येक परका चेहरा ओळखता येतो.

आज जळगाव-धुळ्याकडील पुष्कळ घरांत, भिंतीवर किंवा कपाटावर, एक लहानशी पेटी ठेवलेली दिसते. तिला एकदोन शेपट्यांसारख्या काड्या असतात आणि तिच्या अंगावर हिरवे दिवे लुकलुकत असतात. हिलाच राउटर म्हणतात. बाहेरून एकच तार घरात येते. तिच्यातून येणारा मजकूर वडिलांच्या फोनला, ताईच्या संगणकाला, आजोबांच्या दूरदर्शन संचाला, ज्याचा त्याला वाटून देणे हे या पेटीचे काम. एका फोनचा निरोप ती चुकून दुसऱ्या फोनच्या हाती देत नाही. म्हणून तिला घरातील पाटकरी म्हटल्यास वावगे होणार नाही. परंतु तिला जागल्याचेही काम करावे लागते, आणि हे दुसरे काम तिने नीट करावे यासाठी घरच्या माणसांनी तिला तसे सांगून ठेवावे लागते. न सांगता ती ते नीट करीलच असा भरवसा नाही.

पाटाचे पाणी आणि या पेटीचे वाटप यांत एक मोठा भेद आहे. पाणी चारीतून वाहते. चारी जेथे संपते तेथे पाणी संपते. पेटीचे निरोप मात्र तारेवाचून, विद्युच्चुंबकीय लहरींवरून जातात, आणि लहरींना चारी नसते. १८९५ साली आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यास लोकांसमक्ष अशा लहरी भिंतीतून पलीकडे पाठवून तेथील घंटा वाजवून दाखविली होती. तारेवाचून निरोप जातो हे पाहून त्या वेळी लोक थक्क झाले. पुढे २३ जुलै १९२७ रोजी भारत आणि इंग्लंड यांच्यामध्ये बिनतारी तारसेवा सुरू झाली. तिची भारतातील केंद्रे आपल्याच पुणे जिल्ह्यात, खडकी व दौंड येथे होती. खडकीहून निघालेली हाक जर समुद्रापार ऐकू जाते, तर देवपुरातील एखाद्या घरातून निघालेली हाक शेजारच्या ओसरीवर ऐकू गेली यात नवल ते काय? आपल्या घरची पेटी फार दुबळी असते, एवढाच फरक. तिची हाक इंग्लंडला पोहोचत नाही. रस्त्यापर्यंत मात्र सहज पोहोचते.

हा दुबळेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. पूर्वी घरात साधा रेडिओ ठेवावयाचा म्हटले तरी टपाल कचेरीत शुल्क भरून परवाना घ्यावा लागत असे. वायफाय ज्या लहरींवर चालते त्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवान्यातून मोकळा करण्यात आला, तो यंत्राची शक्ती ठराविक मर्यादेत राहील या अटीवरच. गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला शंभर कोटी आंदोलने. प्रकाशाच्या वेगाला आंदोलनांच्या संख्येने भागले म्हणजे लहरीची लांबी मिळते. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अशी साडेबारा सेंटिमीटर येते, म्हणजे तुमच्या पट्टीच्या अर्ध्याहून किंचित कमी. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्झचा. त्यातील लहरी पाच-सहा सेंटिमीटरांच्या असतात. या दोन आकड्यांकडे आपल्याला पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

जागल्या झोपला तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रात घडलेले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोट होऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांच्या कचेऱ्यांत धमकीचे पत्र ई-मेलने आले होते. पत्र कोठून निघाले याचा माग पोलिसांनी काढला, तेव्हा तो नवी मुंबईत सानपाडा येथील एका राहत्या घरापर्यंत जाऊन पोहोचला. तेथे राहणारे गृहस्थ परदेशी होते. त्या भयंकर कृत्याशी त्यांचा काडीमात्र संबंध नव्हता. परंतु त्यांच्या घरचे बिनतारी जाळे पुरेसे राखलेले नव्हते, आणि कोणीतरी बाहेरून त्या जाळ्यात शिरून ते पत्र धाडले होते. पुढील दोन महिन्यांत असाच प्रकार आणखी दोनदा झाला: ऑगस्टमध्ये माटुंग्यातील एका महाविद्यालयाच्या जाळ्यातून आणि १३ सप्टेंबरला, दिल्लीतील स्फोटांच्या वेळी, चेंबूरमधील एका कचेरीच्या जाळ्यातून.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. बाहेरच्या जगाला तुमच्या घरातील निरनिराळे फोन निरनिराळे दिसत नाहीत. त्याला दिसतो तो पेटीचा पत्ता. घरातील कोणीही पत्र पाठवो, त्यावर शिक्का त्या एकाच पत्त्याचा उमटतो. म्हणून परक्या माणसाने आपल्या पेटीतून पाठविलेल्या पत्रावरही आपल्याच घराचा शिक्का पडतो, आणि पोलीस येतात ते आपल्या दारी. सानपाड्याच्या त्या गृहस्थांना आपण निर्दोष आहोत हे चौकशीतून सिद्ध होईपर्यंत वाट पाहावी लागली. २००९ च्या आरंभी मुंबई पोलिसांनी उघडी जाळी शोधण्याची मोहीम जाहीर केली आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने वायफाय जाळी सुरक्षित करण्याविषयी सूचना काढल्या. जाळे उघडे टाकणे म्हणजे केवळ आपले ‘नेट’ शेजाऱ्याने फुकट वापरणे, असा जो समज पुष्कळांच्या मनात असतो, तो किती अपुरा आहे हे यावरून दिसून येईल. शेजारी वापरील तर वापरो, असे म्हणणारी माणसे मनाने उदार असतात हे खरे; पण आपण काय देत आहोत हे त्यांना ठाऊक नसते.

मग राखण करावयाची कशी? लहरी तर भिंतीत अडत नाहीत. तेव्हा लहरी अडविण्याऐवजी त्यांवरील मजकूर असा लिहावा की, तो ऐकणाऱ्याला कळू नये. यालाच सांकेतिक लेखन म्हणतात. १९९७ साली वायफायची पहिली प्रणाली ठरली, तेव्हा तिच्याबरोबर डब्ल्यूईपी नावाची सांकेतिक पद्धत आली. तारेतून जाणारा निरोप जितका खाजगी असतो तितकाच हाही राहील, असे तिच्या नावातच म्हटले होते. नाव मोठे, पण लक्षण खोटे निघाले. २००१ साली फ्लूरर, मँटिन व शमीर या तिघा संशोधकांनी तिच्यातील दोष उघड केला. २००३ मध्ये तात्पुरती म्हणून डब्ल्यूपीए ही पद्धत आली, २००४ मध्ये तिची पक्की आवृत्ती डब्ल्यूपीए-२ आली आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. तुमच्या घरच्या पेटीवर आजही डब्ल्यूईपी असेल, तर दाराला कुलूप आहे पण किल्ली पायपुसण्याखाली आहे, असे समजा.

डब्ल्यूपीए-२ मध्ये फोन आणि पेटी यांची ओळख कशी पटते ते पाहण्यासारखे आहे. फोन परवलीचा शब्द मोठ्याने उच्चारीत नाही. तसे केले तर तो साऱ्या गल्लीला ऐकू जाईल. पेटी एक यादृच्छिक आकडा सांगते, फोनही आपला एक आकडा सांगतो. दोघेही आपापल्या जवळ हे आकडे आणि परवलीचा शब्द एकत्र कालवून एक किल्ली तयार करतात आणि त्या किल्लीने घातलेली खूण एकमेकांना दाखवितात. खुणा जुळल्या की ओळख पटली. गुप्त शब्द दोघांच्या पोटातच राहतो. युक्ती सुंदर आहे, परंतु रस्त्यावर उभा असलेला चोर ते आकडे आणि ती खूण टिपून घेऊ शकतो. मग तो घरी जाऊन स्वस्थपणे एकेक शब्द घालून पाहतो: हा शब्द घातला तर तीच खूण निघते काय? नाही. मग हा? पेटीला याचा पत्ताही लागत नाही. म्हणून सर्व भिस्त राहते ती परवलीच्या शब्दावर.

आता थोडे गणित करू. समजा, चोराचा संगणक सेकंदाला एक लाख शब्द तपासतो. ही काही अतिशयोक्ती नव्हे; चित्रे रेखाटणारी चांगली चकती ज्या संगणकात असते तो यापेक्षाही अधिक तपासतो. तुमचा परवलीचा शब्द आठ आकड्यांचा असेल, जसे जन्मतारीख, तर असे एकूण दहा कोटी शब्द होतात. दहा कोटी भागिले एक लाख म्हणजे एक हजार सेकंद. सतरा मिनिटे! मधल्या सुट्टीत हे काम आटोपेल. वडिलांचा भ्रमणध्वनी क्रमांक घातला तर? भारतातील असे क्रमांक दहा आकडी असून त्यांची सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने होते. म्हणजे चारशे कोटी. त्यांना चाळीस हजार सेकंद, म्हणजे सुमारे अकरा तास पुरतात. एका रात्रीचे काम. खानदेशातील किती घरांत परवलीचा शब्द म्हणून घरातील कोणाचा तरी क्रमांकच घातलेला असतो, हे तुम्ही आपल्या ओळखीच्या चार घरांत विचारून पाहा. मात्र क्रमांक विचारू नका.

याउलट, पाच हजार साध्या शब्दांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून चार शब्द उचलले आणि ते एकापुढे एक लिहिले, तर पाच हजारांचा चार वेळा गुणाकार होतो. तो सव्वासहा कोटी कोटी इतका भरतो. सेकंदाला एक लाख या वेगाने ते सगळे तपासण्यास जवळजवळ दोनशे वर्षे लागतील. पाचवा शब्द जोडला तर दहा लाख वर्षांच्या घरात काळ जातो. मात्र शब्द खरोखरच चिठ्ठ्यांनी निवडलेले हवेत. म्हण, गाण्याची ओळ किंवा देवाचे नाव चोराच्या यादीत आधीच असते. जात्याशी उंटाची, उंटाशी पाटीची आणि पाटीशी दिवाळीची गाठ पडली, तरच ती गाठ सुटण्यास कठीण. असे वाक्य हास्यास्पद असते, म्हणूनच ते चटकन पाठ होते.

गणिताचे आणखी एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. लांब परवलीचा शब्द लिहिण्याचा लोकांना कंटाळा येतो, म्हणून डब्ल्यूपीएस नावाची एक सोय काढण्यात आली. पेटीच्या पाठीवर आठ आकडी क्रमांक छापलेला असतो. तोच घातला की काम झाले. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता, आणि येथे चोराला प्रत्येक वेळी प्रत्यक्ष पेटीलाच विचारावे लागत असल्यामुळे तपासणी फार हळू होते. म्हणून ही सोय निर्धोक आहे, असे वाटत होते. परंतु २०११ च्या डिसेंबरात श्टेफान फीबोक नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की, पेटी पहिले चार आकडे बरोबर की चूक हे निराळे सांगते आणि उरलेले निराळे. म्हणजे पहिल्या भागासाठी फक्त दहा हजार प्रयत्न. दुसऱ्या भागातील शेवटचा आकडा तर आधीच्या सातांवरून हिशेबाने निघतो, तेव्हा तेथे उरतात तीनच आकडे, म्हणजे एक हजार. दहा कोटींच्या जागी अकरा हजार! गुणाकाराच्या जागी बेरीज झाली आणि भक्कम तट कोसळला. पेटीच्या व्यवस्थेत ही सोय बंद करण्याचे कलम असते. ते शोधून ती बंद करावी.

परवलीचे शब्द एक नसून दोन असतात, हेही पुष्कळांना माहीत नसते. एक जाळ्यात येण्याचा. दुसरा खुद्द पेटीची व्यवस्था बदलण्याचा. पहिला बदलला जातो, दुसरा कारखान्यातून आला तसाच राहतो, आणि तो कारखान्याचा शब्द जगाला पाठ असतो. २०१६ साली मिराई नावाच्या उपद्रवी आज्ञावलीने असे साठाच्या आसपास शब्द घेऊन जगभरच्या राउटरांचे आणि पहारा देणाऱ्या कॅमेऱ्यांचे दरवाजे ठोठावले. लाखो यंत्रांनी दार उघडले. त्या यंत्रांना एकदम कामाला लावून २१ ऑक्टोबर २०१६ रोजी एका अमेरिकन कंपनीवर असा मारा करण्यात आला की, ट्विटरसारखी मोठमोठी संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. ज्यांच्या घरची ती यंत्रे होती त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

पेटीतील आज्ञावली वेळोवेळी नवी करीत राहावे. २०१७ साली बेल्जियममधील मॅथी वानहूफ यांनी खुद्द डब्ल्यूपीए-२ मधील एक दोष शोधला. तो नव्या आवृत्तीने दुरुस्त झाला, पण ज्यांनी ती घेतली त्यांच्यापुरताच. पाहुण्यांसाठी निराळे जाळे ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. जाळ्याचे नाव लपवून ठेवण्याची युक्ती काही जण सुचवितात. तिच्यात अर्थ नाही. घरचा फोन ते नाव घेऊन पेटीला हाका मारीतच असतो.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. सर्व बंदोबस्त झाला, आणि दुसऱ्या दिवशी घरातील एक यंत्र रुसले. ‘जाळे सापडत नाही’ किंवा ‘जोडता येत नाही’ असे ते म्हणू लागले. अशा वेळी घरातील माणसे प्रथम यंत्राला दोष देतात, मग पेटीला, आणि शेवटी राखणीलाच कंटाळून परवलीचा शब्दच काढून टाकतात. असे का होते, हे समजण्यासाठी आपण थोडा वेळ पाचोऱ्याला जाऊ.

जळगाव जिल्ह्यात पाचोरा ते जामनेर अशी एक लहान रेल्वे अनेक वर्षे धावत असे. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या मोठ्या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर. या लहान मार्गाचे ७६२. पाचोरा स्थानकात दोन्ही गाड्या येत. पण मोठ्या गाडीचा डबा जामनेरच्या रुळांवर जाऊ शकत नसे, आणि जामनेरचा डबा भुसावळला. डबे उत्तम, रूळ उत्तम, इंजिनेही धडधाकट. पण मापे जुळत नसल्यामुळे उतारूंना आणि मालाला पाचोऱ्यास उतरून दुसऱ्या गाडीत चढावे लागे. पुढे हा मार्गही मोठ्या मापाचा करण्याचे ठरले. यंत्रांच्या रुसण्याचे बहुतेक प्रकार याच जातीचे असतात. कोणी बिघडलेले नसते. माप जुळत नसते.

पहिले माप लहरींचे. जुने फोन, बिनतारी छापयंत्रे आणि फोनवरून पेटविता येणारे दिवे यांपैकी अनेकांना २.४ गिगाहर्ट्झचाच पट्टा ऐकू येतो. ५ गिगाहर्ट्झची हाक त्यांच्या कानी पडतच नाही. पेटी दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देत असेल, तर नवा दिवा जोडताना गोंधळ उडतो, कारण फोन एका पट्ट्यावर असतो आणि दिवा दुसऱ्यावर. दोन पट्ट्यांना दोन निराळी नावे द्यावीत, फोनला थोडा वेळ २.४ वर आणावे आणि मग दिवा जोडावा. पट्ट्यातही पुन्हा लहान लहान वाहिन्या असतात. भारतात २.४ च्या पट्ट्यात १३ वाहिन्या वापरतात. अमेरिकेसाठी बनविलेल्या काही यंत्रांना ११ पर्यंतच्याच दिसतात. परदेशातील मामांनी पाठविलेल्या संगणकाला घरचे जाळे दिसेना, तर पेटी १२ वा १३ वर बसली आहे काय ते पाहावे. १, ६ आणि ११ या वाहिन्या एकमेकींच्या अंगावर येत नाहीत. त्यांतलीच एक निवडावी.

दुसरे माप लिपीचे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात मोडी लिपीतील पुष्कळ जुने कागद जपून ठेवलेले आहेत. त्यांतील भाषा मराठीच आहे. तरी केवळ बालबोध लिपी शिकलेल्या मुलाला ते वाचता येत नाहीत. जुन्या फोनचे असेच होते. त्याला डब्ल्यूपीए-२ येते, डब्ल्यूपीए-३ येत नाही. आणि पेटीला ‘फक्त डब्ल्यूपीए-३’ असे बजावून ठेवले तर दोघांचे बोलणेच खुंटते. यावर तोड अशी की, पेटीत ‘डब्ल्यूपीए-२ व डब्ल्यूपीए-३ मिश्र’ असे कलम असते, ते निवडावे. मग ती नव्या यंत्राशी नव्या लिपीत आणि जुन्याशी जुन्या लिपीत बोलते. परंतु एखादे यंत्र इतके जुने असेल की त्याला डब्ल्यूईपीच समजते, तर त्याच्यासाठी साऱ्या घराची राखण सैल करणे हे माझ्या मते मुळीच शहाणपणाचे नाही. त्याला जोडण्यासाठी तारेची जागा असेल तर तारेने जोडावे, नसेल तर त्याला सन्मानाने निवृत्त करावे.

लिपीवरून आठवले. जाळ्याला मराठी नाव द्यावे अशी तुम्हांपैकी अनेकांना हौस असेल, आणि ती चांगली आहे. पण नावाला ३२ घरांची मर्यादा असते. रोमन अक्षराला एक घर लागते; देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्हाला, मग ते व्यंजन असो वा काना, तीन घरे लागतात. ‘आमचे खानदेश’ या नावात दहा चिन्हे व एक मोकळी जागा, म्हणजे ३१ घरे होतात. ते बसते. ‘आमचे खानदेशी’ म्हटले की शेवटच्या वेलांटीने ३४ होतात आणि पेटी ते नाव नाकारते. शिवाय काही जुन्या यंत्रांना देवनागरी दाखविता येत नाही. ती नावाच्या जागी चौकटी किंवा भलतीच चिन्हे दाखवितात. तेव्हा यंत्र जोडले जात नसेल, तर नाव काही वेळ रोमन करून पाहण्यास हरकत नाही.

एक दोष तर इतका गमतीदार आहे की तो सहसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. जुन्या संगणकात घड्याळ चालू ठेवणारी एक बटणाएवढी विजेरी असते. ती संपली की संगणक प्रत्येक वेळी कित्येक वर्षे मागची तारीख धरून जागा होतो. जाळे जोडले जाते, पण संकेतस्थळे उघडत नाहीत. कारण प्रत्येक संकेतस्थळ आपल्या ओळखीचे प्रमाणपत्र दाखविते आणि त्यावर ते कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खरे हे लिहिलेले असते. संगणकाच्या मते तो दिवस अजून उजाडलेलाच नसतो! तारीख नीट केली की सारे सुरळीत होते.

खानदेशातील हवापाणी आणि घरे यांचाही या कामाशी संबंध आहे. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो. बहुतेक घरगुती राउटर मात्र ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनविलेले असतात. पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलेली पेटी दुपारी दोन वाजता वारंवार तुटू लागली आणि रात्री नीट चालली, तर फोनचा दोष शोधीत बसू नये. पेटी खालच्या थंड खोलीत आणावी. कूलरच्या मागे ती ठेवू नये. कूलरचा पत्रा लहरींना परतवितो आणि आतील पाणी त्यांना शोषून घेते. पाण्याचा हा गुण रावेर-यावलच्या केळीबागांतही अनुभवास येतो. केळीचा खांब म्हणजे बहुतांशी पाणीच. माघात मोकळ्या रानातून विहिरीवरील खोलीपर्यंत सहज जाणारी बिनतारी हाक, मध्ये केळीची बाग उभी राहिली की निम्म्या वाटेतच विरते.

धाब्याच्या जुन्या घरांत मातीच्या भिंती हातभर रुंद असतात. त्या उन्हाळ्यात गारवा देतात, पण ५ गिगाहर्ट्झच्या आखूड लहरींना त्या फार दाद देत नाहीत; २.४ च्या लांब लहरी त्यांतून बऱ्यापैकी पार होतात. म्हणून पेटी जेथे आहे त्या खोलीत ५ चा पट्टा वापरावा आणि मागच्या खोल्यांत २.४ चा. तरीही हाक पोहोचली नाही, तर पेटी घराच्या मध्यावर, उंच जागी, लोखंडी कपाटापासून दूर ठेवून पाहावी. प्रत्येक बदलानंतर थांबून यंत्र जोडले जाते काय ते पाहावे आणि काय बदलले ते वहीत लिहावे. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशाने गुण आला हे कळत नाही. एवढे करूनही मागची खोली मुकीच राहिली, तर खिडकीच्या चौकटीतून एक तार पलीकडे न्यावी आणि तेथे दुसरी पेटी बसवावी. वाटपाचे काम पहिल्या पेटीकडेच ठेवून दुसरीला फक्त हाक पुढे पोहोचविण्यास सांगावे, म्हणजे एका पाटावर दोन पाटकरी होणार नाहीत. दोन्ही पेट्यांचे नाव व परवलीचा शब्द एकच ठेवावा, मात्र २.४ च्या पट्ट्यात एकीची वाहिनी १ असेल, तर दुसरीची ६ किंवा ११ ठेवावी.